स्टेशनपासून ऑफिसपर्यंत

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेले भाषण. बोललो तसेच, थोडे आटोपशीर करून दिले आहे.)



सेक्रेटरींनी मला सांगितलं होतं की तुम्ही जुने सभासद, पंचवीस वर्षांच्या आठवणी सांगा. पण टाकीचं पाणी, लिफ्टचं बिल आणि पार्किंगची भांडणं या आठवणी नाहीत, त्या अजून चालूच आहेत. म्हणून मी वेगळा विषय घेतोय. गेल्या वार्षिक सभेत ‘अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचे विषय’ यात एक विषय निघाला आणि बघता बघता तापला. आपल्या तरुण सभासदांचं म्हणणं होतं, तळेगावात ऑफिसं आली पाहिजेत, तसं निवेदन नगरपरिषदेला देऊ या. त्यावर एकजण म्हणाले, यायची तर एमआयडीसीकडे, हायवेच्या बाजूला येऊ द्या, तिकडे जागाच जागा आहे. दुसरे म्हणाले, नाही, स्टेशनजवळच हवीत. तिसरे म्हणाले, कुठेच नकोत, आम्ही इथे शांततेसाठी आलोय. शेवटी अध्यक्षांनी विषय पुढच्या सभेवर ढकलला आणि सगळे चहाला गेले. तो ढकललेला विषय मी आज उचलतोय.

आधी घरातलीच एक गोष्ट सांगतो. दोन वर्षांपूर्वी जुलैमध्ये, दुपारी साडेतीनच्या सुमाराला आमच्या सौ. बाथरूममध्ये घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं. मला त्यांना उचलणं शक्य नव्हतं. मी आपल्या विंगमध्ये एकेक बेल वाजवत गेलो. ज्यांनी ज्यांनी दार उघडलं ते सगळे माझ्याच वयाचे. एकाचा गुडघा बदललेला, दुसऱ्यांच्या हाताला सलाईनची सुई तशीच. शेवटी वॉचमन आणि खालचा इस्त्रीवाला वर आले, त्यांनी प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून सौ.ना खाली आणलं. मुलगा हिंजवडीला, फेज तीनमध्ये. फोन केल्याबरोबर निघाला. पाऊस होता. पोहोचायला त्याला सव्वादोन तास लागले. तो आला तेव्हा एक्स-रे काढून झाला होता, ऑपरेशनच्या कागदावर मी सही केली होती. तो काही बोलला नाही, मीही नाही. सौ. आज काठी घेऊन का होईना पहिल्या रांगेत बसल्या आहेत, त्यामुळे ही गोष्ट सांगता येते. पण त्या दिवसापासून माझ्या डोक्यात बसलंय की सकाळी आठ ते रात्री आठ आपल्या सोसायटीत धडधाकट माणूस नसतो.

आता थोडं मागे जाऊ. पुणे-लोणावळा लोकल १९७८ साली सुरू झाली. मी तेव्हा बँकेत पाच वर्षांचा क्लार्क होतो. आमचं ऑफिस पुण्यात, शिवाजीनगर स्टेशनला उतरलं की दहा मिनिटं चालत. तळेगावहून गाडीत पाऊण तास. पुढे अधिकारी झालो, मावळातल्या शाखांवर गेलो, लोणावळ्याला तीन वर्षं काढली, परत पुण्यात आलो, पण आयुष्य त्याच एका रुळावर गेलं. डब्यात आमचा पत्त्यांचा अड्डा होता, एक भजनी मंडळही होतं. मला झोप प्रिय, मी देहूरोड ते दापोडी झोपायचो. संध्याकाळी मी कोणत्या गाडीने उतरणार ते सौ.ना ठाऊक असे, आणि त्याप्रमाणे कुकर लागे.

मग नव्वदच्या दशकाच्या शेवटी बँकेने आमचा एक विभाग पुण्याच्या बाहेर, एका नव्या इमारतीत हलवला. भाडं जवळजवळ निम्मं. त्या प्रस्तावाची टिपणी तयार करणाऱ्यांत मीही होतो, हे कबूल करतो. वाचवलेल्या भाड्याचा तक्ता मी स्वतःच्या हाताने केला होता, आणि साहेबांनी शाबासकीही दिली. त्या तक्त्यात एक रकाना नव्हता. आमच्या विभागात लोकलने येणाऱ्या सहा-सात बायका होत्या, कोणी चिंचवडची, कोणी कामशेतची. नव्या जागेला पोहोचायला त्यांना गाडीनंतर दोन बस बदलाव्या लागत. २०००-०१ साली बँकांत स्वेच्छानिवृत्तीची योजना आली, तेव्हा त्यांतल्या बहुतेक जणी गेल्या. वय पन्नासच्या आतबाहेर, काम उत्तम, हिशोबात एक पैसा इकडचा तिकडे नाही. फेअरवेलला सगळ्यांनी घरची कारणं सांगितली. कारण त्या दोन बस होत्या. माझ्या तक्त्यात बँकेची बचत होती, ती खरीच होती. पण खर्च नाहीसा झाला नव्हता, तो बँकेच्या वहीतून निघून त्या बायकांच्या वहीत गेला होता. आम्हाला शिकवलं होतं की प्रत्येक नावेला कुठेतरी जमा असते. त्या वेळी मी दुसरी बाजू बघितलीच नाही.

हिंजवडीचंही मला असंच वाटतं. आपली सोसायटी आणि हिंजवडीचा राजीव गांधी इन्फोटेक पार्क जवळजवळ एका वयाचे. तिथे आधी साखर कारखाना व्हायचा होता. भूमिपूजनालाच आपण सांगितलं की इथे कारखाना नको, इथे आयटी पार्क होईल, हा किस्सा शरद पवारांनी जाहीर भाषणांतून सांगितला आहे. कारखाना मग कासारसाई-दारुंब्रेला झाला, आपल्या मावळच्या हद्दीवर. निर्णय दूरदृष्टीचा होता, त्याबद्दल मला शंका नाही. आपल्यातल्या किती घरांचे हप्ते हिंजवडीच्या पगारातून फिटले ते मोजा. माझ्या घरचा तर फिटलाच. माझी तक्रार जागेबद्दल आहे. त्याच्या आधीचं आठवून पाहा. खडकीचा दारूगोळा कारखाना, पिंपरीचा हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ चा, आकुर्डीला बजाज, आणि त्याहून जुना आपल्या तळेगावचा पैसा फंडाचा काच कारखाना. हे सगळे रुळाला धरून बसले. माणसं रेल्वेने येतील हे तेव्हाच्या लोकांनी गृहीत धरलं होतं. आयटी पार्क मात्र रूळ सोडून दहाएक किलोमीटर आत, मुळशी तालुक्यात गेला. हिंजवडी, माण, मारुंजी ही गावं. ग्रामपंचायती वेगळ्या, एमआयडीसी वेगळी, २०१५ नंतर पीएमआरडीए आणखी वेगळी. शिवाजीनगर ते माण या मेट्रोचं भूमिपूजन झालं डिसेंबर २०१८ मध्ये, म्हणजे पार्क उभा राहून वीसएक वर्षं होत आल्यावर. तेवीस किलोमीटरची ती मेट्रो आधी आणि ऑफिसं नंतर, असं झालं असतं तर आज मी हे भाषण करत नसतो.

कंपन्या बाहेर का जातात हे मला कर्जप्रकरणं तपासून तपासून माहीत आहे. जमीन स्वस्त, एकसलग मोठा तुकडा मिळतो, जुन्या भाडेकरूंचे वाद नाहीत, मोटारी लावायला जागा. शहराच्या मध्यात, पेठेत, एका गुंठ्याला पाच वारस आणि तीन कोर्टकेसेस. कोण डोकेदुखी घेईल? त्यामुळे कंपनीला मी दोष देत नाही. पण माझ्या मुलाचा हिशोब करून पाहू. तीन तास म्हणत नाही, येऊन-जाऊन अडीच तास धरा. वर्षाचे दोनशे चाळीस दिवस धरले तर सहाशे तास. आठ तासांचा दिवस धरला तर पंचाहत्तर दिवस झाले. वर्षातले तीन महिन्यांहून जास्त कामाचे दिवस तो स्टिअरिंगला देतो, आणि हे कुठल्याही ताळेबंदात दिसत नाही.

हे मी घरी बोललो तेव्हा सूनबाईने मला पकडलं. म्हणाली, बाबा, तुम्हालाही जाऊन-येऊन दोन तास लागतच होते की! खरं आहे. घड्याळ लावलं तर फरक अर्ध्या तासाचाच निघतो. मी दोन दिवस विचार केला. माझे दोन तास ठरलेले होते, आणि त्यांत मी झोपत होतो, वाचत होतो. सीएआयआयबीची परीक्षा मी लोकलमध्ये अभ्यास करून पास झालो. मुलाला कोरड्या दिवशी सव्वा तास लागतो आणि पावसात सव्वादोन. आज कोणता लागणार ते सकाळी सांगता येत नाही. मुद्दलापेक्षा ही अनिश्चितता महाग पडते.

आणि सूनबाईनेच पुढे जे सांगितलं ते माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. ती खराडीला जाते. मुलगा पुण्याच्या पश्चिम टोकाला, ती पूर्व टोकाला. तिने विचारलं, आम्ही घर कुठे घ्यायचं? आमच्या पिढीत बहुतेक घरांत एकच मिळवता माणूस असे, त्याच्या ऑफिसजवळ बिऱ्हाड करता येई. आता दोघं मिळवतात आणि चार-पाच वर्षांनी नोकरी बदलतात. एकाच्या ऑफिसजवळ जाऊन उपयोग नाही. ऑफिसं शहराच्या मध्यात असली, किंवा निदान एका रेल्वेलाइनवर असली, तर दोघांना एकाच स्टेशनवरून निघता येतं, नोकरी बदलली तरी मुलांची शाळा बदलावी लागत नाही. शहराला मध्य लागतो तो एवढ्यासाठी.

हे आपल्याला वडगावात दिसतं. मी मावळातल्या शाखेत असताना पीककर्जासाठी शेतकरी यायचे, कोणी नाणे मावळातून, कोणी आंदर मावळातून. सातबारा, आठ-अ, इतर बँकांचे येणेबाकी नसल्याचे दाखले, मग बोजा चढवायला तलाठी. एवढं सगळं एका दिवसात कसं व्हायचं? कारण तहसील, पंचायत समिती, कोर्ट, भूमी अभिलेख, दुय्यम निबंधक, स्टँपवाला, झेरॉक्स सगळं वडगावात हाकेच्या अंतरावर. माणूस सकाळच्या एसटीने यायचा, चार खिडक्या फिरायचा, मिसळ खायचा, संध्याकाळी घरी. यांतलं एकेक ऑफिस ‘प्रशस्त जागा मिळाली’ म्हणून चार दिशांना नेलं, तर साहेबांना प्रशस्त होईल, पण शेतकऱ्याचे चार रोज बुडतील.

आता मुंबईचं थोडं. हे मी वाचून सांगतोय, पण बँकेच्या कामाला फोर्टात जाऊन डोळ्यांनीही बघितलंय. १९६५ साली सरकारने मुंबई-पनवेल आणि पुणे या प्रदेशांच्या नियोजनासाठी धनंजयराव गाडगीळांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. गाडगीळ म्हणजे पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे, आणि विठ्ठलराव विख्यांबरोबर प्रवरेचा सहकारी कारखाना उभा करणारे. आपण सगळे सहकारी सोसायटीचे सभासद, म्हणजे त्यांचे दूरचे वारसच म्हणा ना! सगळा भार एका टोकावर टाकू नका, खाडीपलीकडे वाढ न्या, असा त्या समितीचा रोख होता. त्यातून मार्च १९७० मध्ये सिडको आली, नवी मुंबई आखली गेली. आणि त्याच वर्षांत दुसऱ्या हाताने सरकार नरिमन पॉइंटला समुद्रात भराव घालून ऑफिसांचे प्लॉट विकत होतं! मंत्रालय हललं नाही. कोकण भवन बेलापूरला गेलं, घाऊक कांदा-बटाटा वाशीला गेला, पण साहेबांच्या खुर्च्या दक्षिण मुंबईतच राहिल्या. रेल्वे वाशीला पोहोचायला १९९२ उजाडलं. ती आल्यावर मात्र सिडकोने एक शहाणपणाची गोष्ट केली, वाशी आणि बेलापूरला स्टेशनच्या डोक्यावरच ऑफिसं बांधली. फलाटावरून जिना चढलं की ऑफिस. नवी मुंबईही एका अर्थी उपनगरच की! म्हणजे उपनगर वाईट आणि शहराचा मध्य चांगला, असं सरसकट म्हणता येत नाही.

उलट बाजूही तितकीच खरी. गिरण्या बंद पडल्या, लोअर परळ-एल्फिन्स्टनच्या गिरण्यांच्या जमिनींवर काचेची ऑफिसं उभी राहिली. जागा शहराच्या ऐन मध्यात, दोन्ही रेल्वे लाइनींना लागून. आत्ता मी जे मागतोय ते सगळं तिथे होतं. फक्त स्टेशनचा पूल गिरणीच्या काळातला अरुंद राहिला. २९ सप्टेंबर २०१७, दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी, पावसात त्या पुलावर चेंगराचेंगरी होऊन तेवीस माणसं गेली. ऑफिसला निघालेली माणसं. इमारतींना परवानगी देताना जिन्याची रुंदी कोणी मोजली नाही. म्हणून स्टेशनजवळ ऑफिस मागताना मी आधी पादचारी पूल मागतो.

हडपसरच्या मगरपट्ट्याचं उदाहरणही इथे सांगायला हवं. तिथल्या शंभरावर शेतकरी कुटुंबांनी जमीन विकून टाकण्याऐवजी एकत्र केली, जमिनीच्या प्रमाणात भाग घेतले, आणि घरं, ऑफिसं, शाळा शेजारी शेजारी बांधली. तिथे लोक चालत ऑफिसला जातात. आपल्याकडे मावळात जमिनी गेल्या एकेक करून, सातबारा फुटत फुटत, फार्महाऊसला नाहीतर एजंटाला. मी त्या पैशांच्या ठेवी घेतल्या आहेत आणि दोन वर्षांत मोडलेल्याही बघितल्या आहेत. आणि बाहेर बाहेर पसरत गेलेल्या शहराला पाणी लागतं, ते कुठून येतं? ९ ऑगस्ट २०११ ला पवना धरणातून पिंपरी-चिंचवडला बंद जलवाहिनीने पाणी नेण्याच्या विरोधात बऊरजवळ एक्स्प्रेसवेवर आंदोलन झालं, गोळीबार झाला, आपल्या मावळचे तीन शेतकरी गेले. ऑफिस कुठे बांधायचं हा काही फक्त ऑफिसवाल्यांचा प्रश्न नसतो.

तर आता तळेगाव. एमआयडीसी आपल्याकडे आहे, मोठमोठे कारखाने आले, एक गेला, दुसऱ्याने तो घेतला. २०२२ साली सेमीकंडक्टरचा मोठा प्रकल्प तळेगावला यायचा तो गुजरातला गेला, त्यावर आपल्या कट्ट्यावर किती दिवस चर्चा झाली आठवतं ना? कारखाना एमआयडीसीतच हवा, त्याला ट्रक लागतात, जागा लागते. पण ऑफिसला काय लागतं? टेबल, वीज, इंटरनेट आणि माणूस. ते हायवेच्या कडेला नेलं तर दहा वर्षांनी आपण तळेगावात दुसरी हिंजवडी तयार केलेली असेल, आणि कामशेतच्या, कान्ह्याच्या, मळवलीच्या मुलीला पुन्हा गाडीनंतर दोन बस. लोणावळ्यापासून पुण्यापर्यंत चौसष्ट किलोमीटर रूळ आहे, प्रत्येक स्टेशनजवळ पडक्या चाळी, बंद गोदामं, एकमजली दुकानं आहेत. ऑफिसं तिथे बांधा. दुपारच्या लोकल वाढवा, तिसऱ्या-चौथ्या मार्गाचं गाडं पुढे ढकला. जागा महाग पडेल. नगरपरिषदेने त्यासाठी चटई क्षेत्रात सवलत द्यावी आणि बदल्यात रुंद फुटपाथ घ्यावा, फेरीवाल्यांची सोय घ्यावी.

शांतता हवी म्हणणाऱ्यांना मी हसत नाही. लोणावळ्यात मी तीन वर्षं राहिलोय. शनिवार-रविवारी जुन्या हायवेवर काय होतं ते बघितलंय, पावसाळ्यात गावातल्या माणसाला औषधाच्या दुकानापर्यंत जाता येत नाही. गर्दीची भीती खरी आहे. पण ती गर्दी मोटारींची असते. लोकलने येऊन पायी चालणारी माणसं रस्ता भरतात, अडवत नाहीत. आणि दुपारी साडेतीनला रस्त्यावर पन्नास तरुण माणसं असणं, याला मी आता गर्दी म्हणत नाही.

निवेदन नगरपरिषदेकडे जाईल, त्याचं काय व्हायचं ते होईल. आपल्या हातात आहे ती एक खोली. सोसायटीच्या ऑफिसच्या वरचा हॉल वर्षातून गणपती, कोजागिरी आणि सभा एवढ्यालाच उघडतो. कोविडमध्ये आपल्या मुलांनी दोन वर्षं बेडरूममध्ये पलंगावर बसून काम केलं, मागे कुकरच्या शिट्ट्या. आता बऱ्याच जणांना आठवड्यातून एक-दोन दिवस घरून काम करता येतं, पण घरात जागा नाही म्हणून ती हिंजवडी गाठतात. त्या हॉलमध्ये बारा टेबलं बसतात, मी टेपने मोजून पाहिलं आहे. दोन इंटरनेट जोडण्या, एक इन्व्हर्टर, खिडक्यांना पडदे. खर्चाचा अंदाज मी कागदावर काढला आहे, तो कमिटीला दिला आहे. या वेळी त्यात सगळे रकाने आहेत. सभासदाला रोजचं नाममात्र शुल्क, बाहेरच्याला नाही. उपविधीत बसतं का ते उपनिबंधक कार्यालयात विचारावं लागेल, ती चक्कर मी मारीन. सिंकिंग फंडाला हात लावायचा नाही, ही माझी अट.

पुढच्या सभेत ठराव मी मांडणार आहे. अनुमोदक हवा आहे, तो पस्तिशीच्या आतला असावा. ज्याला यायचं असेल त्याने आज जेवणाच्या आधी मला गाठावं, कागद माझ्या पिशवीत आहेत.